साईड व्हील लावण्याआधी

मी विचारलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. शोरूममध्ये विचारलं, साईड व्हीलचं किट बसवणाऱ्याला विचारलं, आरटीओ ऑफिसात जाऊन विचारलं, विमा काढताना एजंटला गाडी दाखवून विचारलं. प्रत्येकाने काही ना काही सांगितलं, पण ते कुणीही लिहून दिलं नाही. २०२३ मध्ये एका टेम्पोने मागून धडक दिली, गाडीचा मागचा भाग चेपला आणि काही दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं. नोंदणी प्रमाणपत्रात नसलेला बदल वाहनात आढळल्यामुळे दावा नामंजूर. चूक टेम्पोवाल्याची होती, हे पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलेलं आहे. तरी नुकसान माझ्याच अंगावर आलं, कारण माझ्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत आणि आरसीवर ती नाहीत.

ती चाकं हौस म्हणून लावलेली नाहीत. माझ्या दोन्ही पायांत पोलिओ आहे. सिग्नलला गाडी थांबली की पाय टेकवून तिचा तोल सांभाळणं मला जमत नाही. बिनगिअरच्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात, त्यामुळे चालवायला अडचण नाही. अडचण थांबण्याची आहे. पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो, घरापासून ऑफिस लांब, एसटीच्या पायऱ्या चढणं म्हणजे रोज कुणाला तरी हात मागणं. २०२१ मध्ये स्कूटर घेतली ती एवढ्याचसाठी की सकाळी कुणाची वाट बघायला लागू नये.

शोरूममधल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गाडी दिव्यांग व्यक्तीच्या नावाने आणि साईड व्हीलसकट पासिंग करून हवी. तो म्हणाला, "काका, आधी नंबर येऊ द्या, मग बाहेरून लावून घ्या. सगळे तसंच करतात." गाडी साध्या दुचाकीसारखी पास झाली. मालकी प्रकारात 'वैयक्तिक' लिहिलं गेलं. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, मालकी प्रकारात दिव्यांगजन हा स्वतंत्र पर्याय आहे. शोरूमने तो निवडला नाही आणि असा पर्याय असतो हे मला सांगितलंही नाही. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा अर्ज भरताना शेजारी बसा आणि तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सही झाल्यावर फोनवर भांडून काही होत नाही.

किट बसवणाऱ्याकडे त्याच शोरूमने पाठवलं. त्याचं वर्कशॉप मोठं, भिंतीवर आमच्यासारख्या लोकांचे गाडीवर बसलेले फोटो. "आरटीओचं टेन्शन घेऊ नका भाऊ, आजवर कुणाला अडवलेलं नाही," हे वाक्य त्याने इतक्या खात्रीने म्हटलं की अजून कानात आहे. बिल मागितलं तर वहीतल्या कागदावर रक्कम लिहून दिली. किटवर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, कसलं प्रमाणपत्र नाही. अशा किटला पुण्यातल्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी लागते आणि आरटीओ तीच पहिल्यांदा मागतं, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला ते माहीत असणारच.

कामही वाईट केलं होतं. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक एकत्र वर-खाली होतं. साईड व्हीलचा दांडा चासीला घट्ट वेल्ड केला की खड्ड्यात बाजूची चाकं कडेवर टेकतात, मधलं चाक अधांतरी राहतं आणि नेमक्या त्याच चाकाला इंजिनची ताकद असते. गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते आणि मागून ट्रक हॉर्न वाजवत येतो. पावसाळ्यात हे मी भोगलं आहे. किटला स्वतःचे शॉकअप हवेत आणि ते नटबोल्टने बसलेलं हवं. चासीवर वेल्डिंग करू देऊ नका, चासी नंबरच्या आसपास तर मुळीच नाही, कारण तो नंबर झाकला गेला की पुढे कुठलंच पासिंग होणार नाही. शिवाय अशी गाडी वळणावर कलत नाही. जोरात वळवली तर आतल्या बाजूचं चाक उचलतं. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात चालवा आणि वळण आलं की आधी वेग कमी करा. हे मला वर्कशॉपवाल्याने नाही, गाडीने शिकवलं.

आता आरटीओ. नाव लिहीत नाही, जिल्ह्याचंही नाही. चाकं लागली त्याच आठवड्यात मी नोंद करायला गेलो. खिडकीवर सांगितलं, इन्स्पेक्टर साहेबांना भेटा. साहेब मैदानात ट्रायल घेत होते. उन्हात कुबड्यांवर उभा राहिलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही दोन चाकांची म्हणून पास झालीय. तुम्ही चार चाकं लावून आणलीत. हिला मी काय म्हणू?" मी म्हटलं, दिव्यांगासाठी बदललेली गाडी म्हणा. ते म्हणाले, "बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. कंपनीने जशी दिली तशीच गाडी हवी. आणि आधी परवानगी का नाही घेतली?" अर्ज पुढे केला तर हातातही घेतला नाही. "घेऊन काय करू, रिजेक्टच होणार." मग दुसऱ्याच्या ट्रायलकडे वळले.

मला आजही त्या नकारापेक्षा अर्ज न घेण्याचा जास्त राग आहे. नकार दिला असता तर कागद राहिला असता. कागद राहिला असता तर विमा कंपनीला दाखवता आलं असतं की हा माणूस मुदतीत नोंद करायला गेला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदल कळवण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिलेली आहे. मी त्या मुदतीत ऑफिसच्या दारात उभा होतो आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे काहीही नाही.

पुढची दोन वर्षं मी गाडी तशीच चालवली. काय करणार होतो, घरी बसणार होतो? एकदा चौकात ट्रॅफिक पोलिसाने थांबवून सांगितलं की बेकायदा बदलाला सहा महिने कैद होऊ शकते. ते खरं आहे. कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून रात्री गल्ल्या गाजवणारा पोरगा आणि तोल राहावा म्हणून दोन चाकं लावणारा माणूस, दोघांच्या पुढे एकच कलम धरलं जातं. त्या पोलिसाने सोडून दिलं, वर "दया म्हणून सोडतो" असंही म्हणाला. मला दया नको होती.

विम्याचं पत्र आल्यावर मी आमच्या शेजारच्या वकीलताईंकडे गेलो. त्यांनी कायद्याचं पुस्तक पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्हीच वाचा, माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर सापडेल." सापडलं. इन्स्पेक्टर म्हणाले तो सुप्रीम कोर्टाचा निकाल खरा आहे. केरळच्या आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र हे प्रकरण, निकालाची तारीख ९ जानेवारी २०१९. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं काही करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण ते प्रकरण दिव्यांगांच्या गाड्यांचं नव्हतंच. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने मोटार वाहन कायदा दुरुस्त केला. त्या दुरुस्तीने कलम ५२ चं पोटकलम २ नव्याने लिहिलं गेलं. पहिल्या पोटकलमात काहीही म्हटलेलं असलं तरी, कोणतीही व्यक्ती स्वतःच्या मालकीचं वाहन बदलून अनुकूलित वाहन करू शकते, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नंतरच्या मंजुरीने. अट एवढीच की केंद्र सरकारने घातलेल्या अटी तो बदल पाळणारा हवा.

'नंतरच्या मंजुरीने.' मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. "आधी परवानगी का नाही घेतली" असं मला उन्हात उभं करून विचारणाऱ्या माणसाच्या खात्याच्या कायद्यातच लिहिलं होतं की मंजुरी नंतर घ्यायची आहे. निकाल जानेवारीचा, दुरुस्ती ऑगस्टची. दोन वर्षं माझ्या तोंडावर जुनी तारीख फेकली गेली होती. माझ्यापुरतं सांगतो, तो दिवस आनंदाचा नव्हता. आपण बरोबर होतो हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं असं म्हणतात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पूर्वीचा कायदा खरंच अडचणीचा होता, हे मान्य करतो. १९८८ च्या कायद्यात दिव्यांगांसाठी 'इनव्हॅलिड कॅरेज' असा वर्ग होता आणि त्याच्या व्याख्येत स्पष्ट म्हटलं होतं की ते वाहन मुद्दाम तसं बनवलेलं हवं, नुसतं बदललेलं चालणार नाही. म्हणजे बाजारातली स्कूटर घेऊन तिला चाकं लावणारा माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. आणि मोटरसायकलची व्याख्या दोन चाकांची, फार तर सुटी होणारी साईडकार. त्यातही तो बसत नव्हता. कित्येक वर्षं आपल्या हजारो गाड्या या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत धावत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने जुनी व्याख्या काढून टाकली, मुद्दाम बनवलेलं आणि नंतर बदललेलं अशी दोन्ही वाहनं अनुकूलित वाहनात घेतली आणि लायसन्सच्या वर्गातही जुन्याच्या जागी तेच नाव घातलं. कायदा बदलला. खिडकीमागच्या माणसांना ते कुणी सांगितलं नाही, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नाही.

आणखी एक तरतूद कुणीच सांगत नाही. त्याच कलम ५२ मध्ये असंही घातलं आहे की केंद्राने ठरवलेल्या अटींनुसार बदल केला तर त्यामुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द धरता येणार नाही. मला शोरूमने चाकं लागल्याबरोबर "आता वॉरंटी गेली" म्हणून सर्व्हिसिंगला परत पाठवलं होतं. तुम्हाला कुणी असं म्हटलं तर कलमाची छापील प्रत पुढे ठेवा.

यानंतर मी सगळं नव्याने केलं. जुनं किट काढून टाकलं. त्याला प्रमाणपत्रच नव्हतं, ते कुणाच्या बापाच्याने पास झालं नसतं. दुसरं, मंजुरी प्रमाणपत्र असलेलं किट घेतलं. पैसे दोनदा गेले, आणि पहिल्या वर्कशॉपवाल्याने एक रुपया परत केला नाही. नवीन किटचं रीतसर जीएसटी बिल घेतलं. दिव्यांगांच्या वाहनांच्या रेट्रोफिटमेंट किटवर पाच टक्केच जीएसटी लागतो, सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला झालेल्या जीएसटी परिषदेच्या पंचेचाळिसाव्या बैठकीत तसं ठरलं. जास्त लावला असेल तर बिल परत करा. आणि बिलावर किटचं मॉडेल व प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्या. हाच कागद पुढे सगळीकडे लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधीच काढून ठेवा, तेवढ्या एका कागदावरून फाईल महिनाभर पडून राहते.

अर्ज मी या वेळी खिडकीवर नेलाच नाही. स्पीड पोस्टाने पाठवला. सोबत यूडीआयडी कार्ड, किटचं प्रमाणपत्र, बिल, गाडीचे चारी बाजूंचे फोटो, आणि कलम ५२(२) ची प्रत, तीत 'नंतरच्या मंजुरीने' हे शब्द अधोरेखित करून. उत्तर आलं नाही. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला. माझा अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि नामंजूर असल्यास कोणत्या नियमाखाली, एवढंच विचारलं. त्याची एक प्रत पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रारीसोबत पाठवली. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४१ मध्ये शासनाने वाहनांच्या रेट्रोफिटिंगसाठी योजना कराव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे, ते तक्रारीत घातलं. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात, हे ऑफिसातल्या लोकांना बरोबर माहीत असतं.

माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदत संपायच्या आत ऑफिसातून फोन आला. तेच ऑफिस. "काका, गाडी घेऊन या ना, बघून घेऊ." इन्स्पेक्टर वेगळे होते. त्यांनी किटचा क्रमांक प्रमाणपत्राशी ताडला, चासी नंबर बघितला, गाडी थोडी चालवायला सांगितली आणि सही केली. पहिल्या खेपेला हेच करायला काय हरकत होती, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. ते अनुकूलित वाहनाच्या वर्गाचं काढा. ट्रायल स्वतःच्या, चाकं लावलेल्या गाडीवर द्यावी लागते, म्हणून गाडीची नोंद आधी झालेली बरी. अपंगत्व आहे म्हणून तुम्हाला लर्निंग सरसकट नाकारता येत नाही. कलम ८ च्या पोटकलम ४ मध्ये तशी सोय आहे. एजंट "साधंच लायसन्स काढून देतो, कुणी बघत नाही" म्हणेल. अपघात झाला की सगळे बघतात.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम ५३-अ आणि ५३-ब बदलण्याचा मसुदा काढला. त्यात तात्पुरत्या नोंदणीवर गाडी नेऊन आधी बदल करून घ्यायचा आणि मग कायम नोंदणी करायची, असा मार्ग सुचवला होता. शोरूमला हे विचारा, आरटीओला लेखी विचारा. नंबर येऊन गेल्यावर भांडण्यापेक्षा ते सोपं आहे. "आधी नंबर येऊ द्या" म्हणणाऱ्या शोरूमला त्यांची गाडी विकायची असते, पुढचं त्यांना काही पडलेलं नसतं.

माझा एक सहकारी आहे, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्याला मोटरसायकलच हवी. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो, त्यामुळे त्याने तो हँडलवर घेऊन तारेने ओढायची जोडणी एका मेकॅनिककडून करून घेतली. चालते झकास. पण तो ब्रेकमधला बदल आहे आणि ब्रेकमध्ये हात घातलेली गाडी विमा कंपनी साईड व्हीलपेक्षाही कडकपणे बघते. त्याला मी आता रोज सांगतो, गाडी चालवायची थांब आणि आधी नोंद कर. तो म्हणतो, तू नोंद करायला गेलास तेव्हा काय झालं? त्याला मी काय उत्तर देऊ? त्याचा ऑफिसवर विश्वास नाही आणि तो विश्वास माझ्यामुळे कमी झालेला नाही.

विम्याचं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. दिव्यांगांसाठी खास बदललेल्या गाडीला मोटार टॅरिफच्या आयएमटी-१२ या कलमाने स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सवलत मिळते. अट अशी की आरसीवर आरटीओने तशी नोंद केलेली हवी. माझ्या एजंटने गाडी पाहिली होती, चाकं पाहिली होती, फोटो काढले होते, आणि पॉलिसी मात्र साध्या स्कूटरची पूर्ण हप्ता घेऊन दिली. सवलत द्यायची वेळ होती तेव्हा चाकं दिसली नाहीत. दावा द्यायची वेळ आली तेव्हा सर्व्हेअरला तीच चाकं सगळ्यात आधी दिसली. पॉलिसी काढताना काढलेले ते फोटो मी आता ग्राहक आयोगात लावले आहेत. नोंद झाली की पॉलिसी बदलून घ्या आणि पॉलिसीच्या कागदावर आयएमटी-१२ छापलं आहे का ते बघा.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात विमा कंपनीचा पूर्ण नकार मान्य न करता तिला काही रक्कम द्यायला लावली होती. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने दिल्याचं होतं, आपल्यासारखं नव्हतं, पण पॉलिसीच्या अटीचा भंग झाला म्हणजे सगळा दावा बुडालाच असं नाही, हे त्यावरून मांडता येतं. माझ्या प्रकरणात तर धडक मागून टेम्पोने दिली. बाजूच्या चाकांचा त्या अपघाताशी काय संबंध होता, हे विमा कंपनीने अजून आयोगापुढे सांगितलेलं नाही. तारखा पडत आहेत.

राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या विभागाला आणि परिवहन खात्याला माझी मागणी आहे. मंजुरी असलेल्या साईड व्हील आणि ब्रेक किटची यादी प्रत्येक आरटीओ कार्यालयात दर्शनी भागात लावा, शोरूमवाल्यांना ती ठेवणं बंधनकारक करा आणि कलम ५२(२) खालचा अर्ज घ्यायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाईची तरतूद करा. आणि ज्यांच्या स्कूटरला आज चाकं लागलेली आहेत पण आरसी अजून साधीच आहे, त्यांना सांगतो : किटचं प्रमाणपत्र आहे का ते आजच तपासा आणि याच आठवड्यात अर्ज पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.